म्हाताऱ्याचा दम, थोरल्याची चादर

गल्लीत पहिली चादर वाळत घालायचा मान थोरल्याचा. कुणी दिलेला नाही, त्यानेच घेतलेला, आणि एकदा घेतलेली गोष्ट परत द्यायची त्याला सवय नाही. त्याची लाँड्री गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला. तिच्या पलीकडे घर नाही, दुकान नाही, नुसता चढ, आणि चढाच्या वर म्हातारा. म्हातारा म्हणजे डोंगर. खरं तर ज्वालामुखी, पण रोज उठून ज्याचं तोंड बघायचं त्याला एवढ्या जड नावाने कोण हाक मारणार? डोक्यावर पांढरं बर्फ, तोंडातून धूर, अधूनमधून खोकला. लोकांनी म्हातारा म्हटलं आणि तेच चिकटलं.

आता या म्हाताऱ्याचा धूर गल्लीवर उतरला की धुणं बाहेर काढायची सोय नाही. त्या धुरात काहीतरी आंबट असतं. पांढऱ्या कापडावर मोहरीएवढे पिवळे डाग पडतात, आणि ते डाग साबणाच्या बापालाही जुमानत नाहीत. म्हणून अख्खी गल्ली थोरल्याकडे बघायची. तो गच्चीवर जायचा, नाक वर करून हुंगायचा, बोट ओलं करून वारा बघायचा, डॉक्टरने नाडी बघावी तसा चेहरा करायचा, आणि मग हॉटेलची एक मोठी पांढरी चादर तारेवर टाकायचा. "थोरल्याची चादर लागली गं," असं एक खिडकी दुसऱ्या खिडकीला सांगायची. बघता बघता खालपर्यंत सगळ्या गच्च्या फडफडायला लागायच्या.

थोरल्याच्या फुशारक्यांचे दोनच विषय. एक त्याचं नाक आणि दुसरी त्याची धाकटी बहीण. नाकाबद्दल तो जे सांगायचा त्यातलं निम्मं खोटं होतं. बहिणीबद्दल सगळं खरं होतं, पण सांगणारा तोच, म्हणून लोक तेही निम्मंच धरायचे.

धाकटी डोंगराच्या खांद्यावरच्या निरीक्षण केंद्रात कामाला होती. काम काय, तर पाठीवर बॅटऱ्या घेऊन वर चढायचं, कंपनं मोजणारी यंत्रं जमिनीत पुरायची, त्यांच्यावर साचलेली राख झटकायची, भेगांतून येणारा वायू बाटलीत भरून खाली आणायचा. गिऱ्हाईक शर्ट घ्यायला आलं की थोरला आधी शर्ट द्यायचा नाही, आधी हे सांगायचा.

"वर बसलेले साहेबलोक पडद्यावर जो डोंगर बघतात ना," तो म्हणायचा, "तो आमच्या धाकटीच्या पाठीवरनं त्यांच्यापर्यंत येतो. ती एक दिवस गेली नाही तर म्हातारा मुका."

"बरं, कॉलरला इस्त्री नीट केलीस का?" गिऱ्हाईक विचारायचं.

शाळेच्या बाबतीत थोरल्याने शाळेला सोडलं की शाळेने त्याला, याबद्दल घरात दोन मतं होती. वडील गेल्यावर लाँड्री त्याच्या अंगावर आली आणि तिथे मात्र त्याचा हात बसला. धाकटी त्याच्या उलट. पोरगी लहानपणापासून गप्प. कपडे भिजवायचा मोठा सिमेंटचा हौद होता, त्याच्या काठावर हनुवटी टेकून तासन् तास पाण्याकडे बघत बसायची. एकदा थोरल्याने तिला झापलं, "खडे कशाला टाकतेस पाण्यात?" कारण पाण्यावर गोल गोल वलयं उठत होती. तिने दोन्ही हात वर करून दाखवले. हात रिकामे होते. हौदाला कुणी शिवलेलं नव्हतं, वारा नव्हता, आणि पाणी थरथरत होतं. थोड्या वेळाने वर म्हातारा खोकला.

थोरल्याच्या अंगावर काटा आला होता त्या दिवशी. तो काटा त्याने दुसऱ्याच दिवशी गोष्ट करून गल्लीभर वाटला. धाकटीने तसलं काही केलं नाही. ती हौदाशीच बसून राहिली आणि मोठी झाली.

तिला बोलतं करायची एकच युक्ती होती, चादरींच्या घड्या. हॉटेलची चादर एकट्याला घडी होत नाही. दोन टोकांना दोघं लागतात. ताणायची, झटकायची, चालत एकमेकांकडे यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे जायचं. हात गुंतलेले असले की धाकटीचं तोंड सुटायचं. डोंगराबद्दल थोरल्याला जे काही ठाऊक होतं ते सगळं चादरीच्या या टोकावरून ऐकलेलं.

"दादा, आपण उभे आहोत ना, ती जमीन म्हणजे एक भला मोठा पत्रा समज," ती म्हणायची. "असे बरेच पत्रे आहेत. समुद्राखालचा एक पत्रा आपल्या पत्र्याखाली सरकतोय. रोज."

"आत्ता?"

"आत्ताही. आपली नखं वाढतात तेवढ्या वेगाने."

थोरल्याने चादरीच्या कोपऱ्यावरच्या आपल्या नखांकडे बघितलं.

"आणि जाताना तो समुद्राचं पाणी आणि ओला चिखल घेऊन जातो. खाली सगळं तापलेलंच आहे, पण वरच्या वजनाने दगड आवळलेला, वितळत नाही. त्यात हे पाणी शिरलं की वितळायला लागतो."

"पाण्याने दगड वितळतो? मला शिकवतेस? मी जन्मभर पाण्यात हात घालून बसलोय."

"तुझ्या हौदात नाही वितळणार. तिथे वितळतो. आणि वितळलेला दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका. मग तो वर सरकतो. वर वर येतो, आणि डोंगराखाली साचतो. आपल्या हौदासारखा हौद भरतो. आपली अख्खी गल्ली त्यात उभी बुडेल, एवढा."

ती हे सगळं इस्त्रीच्या हिशेबासारखं सांगायची, आवाज न चढवता. आणि थोरला चादर हातात धरून तसाच उभा राहायचा. रोज सकाळी ज्या फरशीवर आपण चप्पल काढतो तिच्याखाली कुठेतरी दगड पाण्यासारखा हलतोय, हे त्याच्या डोक्यात मावायचं नाही. पण त्याला ते आवडायचं. आपलीच कुणीतरी मोठी वस्तू असावी तसं.

समुद्रापलीकडे, आभाळ स्वच्छ असलं की आणखी एक डोंगर दिसायचा. चपटा, पसरट, पालथ्या थाळीसारखा. त्याचं नाव थाळीच. ती दर काही वर्षांनी सांडायची. लाल रस हळूहळू उतारावरून यायचा, एखाद्या म्हशीच्या चालीने, आणि लोक बोटीने जाऊन, खुर्च्या टाकून बघत बसायचे. थोरलाही गेला होता. भुवया भाजून आला होता आणि त्या परत उगवेपर्यंत सगळ्यांना दाखवत होता.

"मग आपला म्हातारा असा का सांडत नाही?" त्याने एकदा विचारलं. "एवढा धूर काढतो, पण रस म्हणून नाही."

धाकटीने चादर खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या शेगडीकडे बोट केलं. शेगडीवर खळीचं पातेलं होतं, कपड्यांना द्यायच्या कांजीचं.

"पातळ खळ उकळते तेव्हा काय होतं?"

"काय होणार? बुडबुडे येतात, फुटतात."

"आणि घट्ट झाली की?"

थोरल्याने शर्टाची बाही वर केली. कोपराखाली जुना भाजल्याचा डाग होता. घट्ट खळ बुडबुडा सोडत नाही. धरून ठेवते, धरून ठेवते, आणि एकदम थुंकते.

"थाळीचा दगड पातळ," धाकटी म्हणाली. "त्यातला वायू सहज निसटतो. रस वाहतो, लांब जातो, पसरतो, म्हणून डोंगर पसरट. म्हाताऱ्याचा दगड घट्ट. लांब जात नाही, तिथेच थिजतो, त्यावर राख, त्यावर परत दगड, म्हणून असा उंच सुळका. आणि वायू आत अडकतो."

"आणि शाळेमागची लाल टेकडी?"

"ती एकदाच बोलली. थोड्या दिवसांत जेवढे खडे उडवायचे तेवढे उडवले, स्वतःभोवती ढीग केला, संपली. पुन्हा नाही उठायची."

आई दारात बसून गुंड्या लावत होती. ती म्हणाली, "म्हणजे माणसांसारखंच की."

"हो ना," धाकटी म्हणाली, आणि हसली. ती हसायची म्हणजे तोंडाचा एकच कोपरा हलायचा. "दादा थाळी आहे. रोज सांडतो, म्हणून त्याला कुणी भीत नाही. मी म्हातारा."

आई इतकी हसली की तिच्या मांडीवरच्या गुंड्या सांडल्या.

हे सगळं हसण्यावारी होतं, गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी म्हातारा हादरायला लागला. केंद्राने भोंगा वाजवला, अख्खं गाव नदीपलीकडच्या शाळेत गेलं. गावातले सगळे रात्रंदिवस एकमेकांच्या उशाशी. आणि झालं काय? म्हातारा दोनदा खोकला, मूठभर राख टाकली आणि पुन्हा पहिल्यासारखा धूर काढत बसला. लोक परत आले ते पाठ आखडून आणि तोंड सैल करून. भोंगा वाजवायचं केंद्राच्या मोठ्या बाईंनी ठरवलेलं, पण बाई तर दूरच्या. गल्लीच्या हाताशी धाकटी होती. मग भोंग्याचं नाव पडलं धाकटीचा भोंगा. कुणाचं दूध उतू गेलं तरी "धाकटीला कळवा."

थोरला सगळ्यांशी भांडला. पाववाल्याने भर दुकानात ती चेष्टा केली म्हणून त्याच्याकडचा पाव बंद केला आणि पुढच्या चौकातून शिळा आणायला लागला.  धाकटीने फक्त गल्लीतून यायचं सोडलं. केंद्रातून उतरायची ती मागच्या पायवाटेने, हौदाच्या बाजूने, मागल्या दारातून आत. थोरल्याला हे लागलं. लोक त्याला खोटा म्हणाले तर त्याला गुदगुल्या व्हायच्या. तिला म्हणाले, हे त्याला सोसवेना.

या वर्षी पुन्हा तेच सुरू झालं. हौदाच्या पाण्यावर वलयं उठायला लागली, आणि थांबेचनात. धाकटी वरच राहायला गेली. म्हातारा दिवसरात्र धूर ओकत होता. गल्लीवर आंबट धुकं बसलेलं, कपडे घरात वाळत घातलेले, सगळ्यांच्या अंगाला कोंदट वास. मोठं धुणं कुणी काढलंच नाही. गोधड्या, पडदे, कोट सगळं तुंबलं.

आणि एका सकाळी थोरला गच्चीवर गेला तर धूर नाही.

त्याने डोळे चोळले. म्हातारा नुसता उभा होता. माथ्यावर एक धागासुद्धा नाही. आभाळ नीळ घालून धुतल्यासारखं. हवेला वास नाही, वारा नाही. इतका सुंदर डोंगर त्याने उभ्या जन्मात बघितला नव्हता. बर्फाची रेघ न रेघ दिसत होती. तो किती तरी वेळ कठड्याला धरून उभा राहिला. मग सवयीने बोट ओलं केलं, आणि पांढरी चादर तारेवर टाकली.

गल्ली नुसती उसळली. जो तो धुणं घेऊन गच्चीवर. आणि जे घरी धुता येण्यासारखं नव्हतं ते सगळं लाँड्रीत. दुपार व्हायच्या आत थोरल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. शिलाईवाल्या मावशींनी गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे आणले, धुऊन शिवीन म्हणून. पाववालासुद्धा आला, भांडण विसरून, आपला एकुलता एक सूट घेऊन.

"बघ," तो वर बोट दाखवत म्हणाला, "म्हातारा दम खातोय."

"दमला असेल बिचारा," थोरला म्हणाला. "माझ्या नाकाला कालच कळलं होतं."

तेवढ्यात भोंगा वाजला.

खालच्या गावात पुकारा करत केंद्राची गाडी फिरायला लागली. घरं सोडा, नदीपलीकडे चला. खालचं गाव कुरकुरत का होईना निघालं. वरची गल्ली मात्र जागची हलली नाही. गाडीवाला कंटाळून पुढे गेला. गल्लीचं म्हणणं साधं होतं. थोरल्याची चादर लागलीय. धूर नाही. आणि थोरला तर धाकटीचाच भाऊ.

"भावाची चादर खरी की बहिणीचा भोंगा?" पाववाला म्हणाला, आणि लोक हसले.

धाकटी त्या दिवशी मागच्या दाराने आली नाही. मोटरसायकलवरून गल्लीतूनच आली, तोंडावर राखेचा थर, डोळे लाल. लाँड्रीसमोर थांबून तिने वर तारेकडे बघितलं.

"ती तू लावलीस?"

"धूरच नाही तर," थोरला म्हणाला. "दम खातोय तो."

धाकटीने आवाज चढवला नाही. दुकानाच्या मागे बॉयलर होता, इस्त्रीच्या वाफेचा. त्याच्या झडपेतून कायम बारीक फुसफुस चालायची. ती फुसफुस या घराच्या कानात इतकी बसलेली की आता ऐकूच यायची नाही. धाकटीने त्या बाजूला मान वळवली.

"दादा, खाली जाळ पेटलेला आहे. पाणी उकळतंय. आणि ही फुसफुस बंद झाली. तू काय करशील?"

थोरल्याने झडपेकडे बघितलं.  एकदा पाण्यातल्या क्षाराने झडप बसली होती. त्याने काय केलं होतं ते तिला माहीत होतं. आईला कडेवर उचलून तो रस्त्यात पळाला होता, पायात चप्पल नव्हती.

"वरचा दगड थिजून बूच बसलंय," ती म्हणाली. "खालचा हौद भरतोच आहे. उत्तरेची बाजू फुगलीय, मी यंत्र लावलं होतं ती जागा आज सकाळी मला ओळखू आली नाही. तो दम खात नाही दादा. त्याचा दम कोंडलाय."

थोरला गच्चीवर धावला आणि चादर ओढून काढली. गल्लीने वर बघितलं. "वाळली वाटतं," मावशी म्हणाल्या.

मग तो ओरडत गल्लीभर फिरला. आणि तेव्हा त्याला कळलं की आपण जन्मभर बोलून काय करून ठेवलंय. लोक हसत होते. रागाने नाही, प्रेमाने, नेहमीसारखे.

"थोरल्या, गेल्या महिन्यात तू म्हणालास की वाफेच्या इस्त्रीने दाढी करतोस," मावशी म्हणाल्या. "आता हे. जा, माझे कपडे धू."

धाकटी गल्लीच्या मधोमध उभी राहिली. तिला असं बोलायची सवय नव्हती. तरी तिने सांगितलं, सगळे निघा, आत्ताच.

"मागच्या वेळी पण हेच सांगितलं होतं," पाववाला म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "मागच्या वेळी काही झालं नाही, मला बरं वाटलं. या वेळीही होऊ नये असंच वाटतंय. नाही झालं तर हसा मला. पण नदीपलीकडे बसून हसा."

 मग कुणाच्या तरी गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "संध्याकाळी गेलं तर चालेल का? चादरी ओल्या आहेत."

थोरला बघत होता ते धाकटीच्या मानेकडे. ती मान खाली गेली. गेल्या वर्षी गेली होती तशीच. आणि रोज सांडणारा थोरला पहिल्यांदाच तोंडाने सांडला नाही.

तो वळला आणि दुकानात गेला. लाँड्रीची गाडी मागच्या बाजूला उभी होती. त्याने गोधड्या उचलल्या आणि आत फेकल्या. मग पडदे, हॉटेलच्या चादरी. मग कोट. मावशींच्या गिऱ्हाइकांचे गठ्ठे, शाळेचे गणवेश, पाववाल्याचा सूट. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी कपडे भरायला लागली. गल्लीत ज्याच्या ज्याच्या अंगावर उद्या काही चढायचं होतं ते सगळं त्या गाडीत गेलं. धाकटीला कळलं तेव्हा तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी घरं बघत येते. घड्याळवाले आजोबा एकटे उठत नाहीत."

"लवकर ये."

"येते."

थोरल्याने हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी गल्लीतून उतरवली. शेजारी आई, मांडीवर पाववाल्याचा सूट. खिडकीतून तो ओरडला, "ज्याला अंगावर कपडे हवेत त्याने शाळेत यावं."

मग जी शिव्यांची लाखोली सुरू झाली ती पार नदीपर्यंत ऐकू येत होती. पाववाला पावाची गाडी घेऊन मागे. मावशी त्याच्याशेजारी बसून थोरल्याच्या सात पिढ्या उद्धरत. सायकली, हातगाड्या, पोरं, म्हातारी माणसं. चोर, चोर म्हणत अख्खी गल्ली चोराच्या मागे पूल ओलांडून गेली, लाल टेकडीला वळसा घालून शाळेच्या मैदानात आली, आणि थोरल्याच्या कॉलरला पहिला हात पाववाल्याचा लागला.

"माझा सूट."

"घे," थोरला म्हणाला. पण तो पाववाल्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत होता. सगळे आले होते. धाकटी नव्हती.

लोक गाडीतून आपापलं उपसत होते, बडबडत होते. थोरला फाटकाशी उभा. त्याला नाकाचं भान नव्हतं, कशाचंच नव्हतं. पुलाकडून एक ठिपका येताना दिसला. मोटरसायकल. मागे घड्याळवाले आजोबा, तिच्या पाठीला ओढणीने बांधलेले, दोन्ही हातांनी भिंतीवरचं एक घड्याळ कवटाळून. ती फाटकातून आत आली, पाय टेकवला, आणि आजोबांच्या पोटाभोवतीची गाठ सोडायला लागली.

तेवढ्यात शाळेच्या नळाखालच्या बादलीतलं पाणी थरथरलं.

आवाज आधी आला नाही. आधी दिसलं. म्हाताऱ्याची उत्तरेची बाजू हलली. डोंगराची एक बाजू, जन्मापासून बघितलेली, सगळ्या रेघांसकट, ओलं कापड तारेवरून घसरावं तशी खाली घसरली. आणि तिच्या मागून ते बाहेर आलं. त्याला धूर म्हणणं म्हणजे समुद्राला ओल म्हणणं. राखाडी, गाठीगाठींचं, जिवंत असल्यासारखं. ते वर जात नव्हतं, उगवत होतं. गाठीतून गाठ फुटत होती. मान मागे टाकली तरी टोक दिसेना. मग आवाज आला, कानातून नव्हे, तळपायातून, छातीच्या पिंजऱ्यातून. शाळेच्या खिडक्या वाजल्या. त्या राखाडी खांबात विजा खेळायला लागल्या, निळ्या, वाकड्यातिकड्या, आभाळाशी काही संबंध नसलेल्या.

 पाववाला सूट छातीशी धरून उभा होता. मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मग खांबाचा एक भाग स्वतःच्याच वजनाने कोसळला. तो उतारावर पडला आणि उतरायला लागला. जमिनीला धरून, दऱ्यांतून, एकही आवाज न करता, इथून बघताना. ढगच, पण ढग असा पळत नाही. कुठलीच गाडी त्याच्यापुढे टिकली नसती. बर्फाची रेघ त्याखाली गेली, झाडं गेली, चढ गेला.

"ते काय आहे?" आईने विचारलं.

"तापलेली राख, दगड, वायू, सगळं एकत्र," धाकटी म्हणाली. "पाववाल्या काकांच्या भट्टीपेक्षा दुप्पट तापलेलं. हवेवर तरंगत येतं, म्हणून थांबत नाही."

तो ढग गल्लीच्या वरच्या टोकावर आला, आणि लाँड्री दिसेनाशी झाली.

"थोरल्या," पाववाला हळूच म्हणाला, "बोल की काहीतरी."

थोरल्याचं तोंड उघडं होतं.  खाली सरकणारा पत्रा, नखांचा वेग, समुद्राचं पाणी, गल्ली बुडेल एवढा हौद. सगळं चादरीच्या त्या टोकावरून ऐकलेलं. आणि ते सगळं खरं होतं. समोर उभं होतं. त्याने फक्त हात लांब केला आणि धाकटीचा राखेने भरलेला हात धरला. तिने त्याची बोटं घट्ट आवळली. तेव्हा त्याला कळलं, ही पण आज पहिल्यांदाच बघतेय.

भरदुपारी अंधारून आलं. राख पडायला लागली, पिठासारखी, मऊ, गरम नाही पण कोरडी, घशात बसणारी. मग गाडीतल्या चादरी कामाला आल्या. थोरल्याने त्या फाडल्या, हॉटेलच्या चादरी, ज्यांच्यावर एरवी एक सुरकुती चालायची नाही. बादलीत बुडवून एकेकाच्या तोंडावर बांधल्या. गोधड्या पोरांवर. पडदे खिडक्यांच्या फटीत. पाववाल्याने आपला सूट उलगडला आणि घड्याळवाल्या आजोबांच्या अंगावर घातला. दोन माणसं मावतील एवढा तो मोठा होता. आजोबा म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?" आणि त्या काळोखात लोक हसले.

गल्लीत परत जायला कित्येक महिने लागले. राख आणि पाणी मिळून ओल्या सिमेंटसारखं दऱ्यांतून उतरतं, ते बसेपर्यंत धाकटीने कुणाला पुलाच्या पुढे जाऊ दिलं नाही, आणि या वेळी कुणी विचारलंही नाही का म्हणून. गेले तेव्हा खालची घरं नुसती राखेने भरलेली होती. वरची काही घरं नव्हतीच. लाँड्रीची एक भिंत उभी होती आणि हौद. त्या भिंतीच्या माथ्यावर गच्चीच्या कोपऱ्यातला लोखंडी आकडा तसाच होता, त्यात तारेचा तुकडा, आणि तारेवर ओळीने छोटे निळे थेंब. थोरल्याला आधी कळेना. मग कळलं, ते प्लॅस्टिकचे चिमटे होते. जळले नव्हते. नुसते वितळून थेंब झाले होते.

तो त्या थेंबांकडे बराच वेळ बघत राहिला. खालून मावशी त्याच्याकडे बघत होत्या. पूर्वीचा थोरला असता तर त्याने आकडा काढून खिशात घातला असता आणि गल्लीभर दाखवला असता.

"आता धाकटीला गल्लीतून घरी आण रे," मावशी म्हणाल्या. "पुढच्या दाराने."

म्हाताऱ्याचा माथा आता तुटलेल्या कपासारखा दिसतो. एक बाजू नाही. नवीन लाँड्री गल्लीच्या खालच्या टोकाला आहे, बॉयलर नवा, झडप नवी, फुसफुस जुनीच. भाजलेल्या गल्लीत पहिला पाव भाजला तो पाववाल्याने थोरल्याच्या घरी आणून दिला.

आणि एके दिवशी वरच्या जुन्या हौदात साचलेल्या पाण्यावरची वलयं थांबली, आणि त्या तुटलेल्या माथ्यावरून एक बारीक धागा वर आला. पांढरा. सरळ. सगळी गल्ली घराबाहेर येऊन बघत होती. मग सगळे थोरल्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "तिला विचारा."

धाकटीने मान वर करून बघितलं. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे.

"दम सोडतोय," ती म्हणाली. "सोडू दे."

थोरला गच्चीवर गेला. नाक वर केलं नाही, बोट ओलं केलं नाही. नवी कोरी पांढरी चादर घेतली आणि तारेवर टाकली, अगदी त्या आंबट धुराच्या वाटेत.

संध्याकाळी दोघांनी ती उतरवली. त्याने एक टोक धरलं, तिने दुसरं. ताणली, झटकली. उजेडात धरल्यावर दिसलं. कापडभर मोहरीएवढे पिवळे डाग, साबणाच्या बापाला न जुमानणारे. खिडकीतून मावशींनी मान बाहेर काढली, नीट बघितलं, आणि पलीकडच्या खिडकीला सांगितलं, "थोरल्याच्या चादरीला डाग पडले गं."

"पडले का? बरं झालं," पलीकडून आलं, आणि एकेक खिडकी निर्धास्तपणे बंद होत गेली.

दोघं चालत एकमेकांकडे आली आणि कोपऱ्याला कोपरा लावला.